बेचाळीस किलो खर्ज

दोन बेसवाले भेटले की पहिला प्रश्न "कसा आहेस?" हा नसतो. "सध्या काय उचलतोयस?" हा असतो.

उचलणं म्हणजे अ‍ॅम्प उचलणं. बेस गिटार वाजवणाऱ्याचं आयुष्य वाजवण्यात जातं, असा लोकांचा एक गोड समज आहे. ते जिने चढण्यात जातं. वाजवणं मधे कधीतरी दोन-तीन तास होतं, तेही साउंडवाल्याच्या मर्जीवर.

मागच्या मे महिन्यात आमच्या ऑर्केस्ट्रातल्या एका जुन्या ड्रमरच्या मुलीचं लग्न होतं. हॉलभर वादक पसरलेले. गायक मंडळी फोटोत येतील अशा बेताने व्यासपीठाजवळ, आणि आम्ही चार बेसवाले पार मागे, कूलरच्या शेजारी. कुणी ठरवलं नव्हतं. स्टेजवरही आमची जागा मागे डावीकडेच असते, त्यामुळे पाय आपोआप तिकडे वळले.

आम्हाला नावं नाहीत. म्हणजे आईवडिलांनी ठेवलेली आहेत, पण लाइनमध्ये ती कुणाला ठाऊक नसतात. "बेस आला का?" "बेसला चहा द्या रे." "बेसचे पैसे उद्या." तर त्या टेबलाला चार बेस होते. एक डोंबिवली, एक कोल्हापूर, मी पुणे, आणि मडगावचे अंकल. अंकलनी अर्धं आयुष्य मुंबईत वाजवलं आणि आता सत्तरी ओलांडल्यावर गोव्यातल्या लग्नांत वाजवतात.

या वयाची चार माणसं एकत्र बसली की साखर, गुडघे आणि जावई याच क्रमाने बोलणं सरकतं. आमच्यातही गुडघे निघाले, पण तिथून थेट अ‍ॅम्पच निघाला. गुडघे त्यानेच घालवले होते.

बेस म्हणजे काय हे इथे थोडं सांगायला हवं. मी तीस वर्षं नातेवाइकांना सांगतोय, तरी त्यांची समजूत अशी की मी गिटार शिकता शिकता मधेच सोडली, म्हणून माझ्या गिटारला चारच तारा आहेत. तर ते तसं नाही. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. त्या सुराची हवेतली एक लाट आठ मीटरहून लांब भरते. आमचा हॉल आहे साडेचार मीटरचा. म्हणजे माझा एक सूरसुद्धा माझ्या घरात पुरता मावत नाही, उरलेला शेजाऱ्यांकडे जातो.

त्यात माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत मोठा कंजूष. बासरीची बारीकशी फुंकर तो लगेच टिपतो. खर्जाला मात्र ताकद लावून दार ठोठावावं लागतं. शिवाय वॉट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. कानाला दुप्पट वाटायला ताकद दहापट लागते. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं, कारण मला ५०० वॉटचा अ‍ॅम्प घ्यायचा होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपला मिक्सर साडेसातशेचा आहे. तो कुणाला ऐकू गेला नाही, असं अजून झालेलं नाही."

पण ही नंतरची गोष्ट. माझा पहिला अ‍ॅम्प १९९४ सालचा. परदेशी अ‍ॅम्पची किंमत विचारायलाही हिंमत लागायची, म्हणून आतलं यंत्र तापकीर गल्लीच्या मागच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडून करून घेतलं आणि खोकं भवानी पेठेतल्या सुताराकडून. काकांचा भरवसा लोखंडावर. त्यांनी घातलेल्या ट्रान्स्फॉर्मरवर एखाद्या पिठाच्या गिरणीने संसार केला असता. सुतार जन्मभर कपाटं केलेला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "कप्पे किती?" कप्पे नकोत, पुढे पंधरा इंची गोल भोक हवं, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. मग त्याने एकोणीस मिलिमीटरचं प्लाय वापरून, आत आडव्या पट्ट्या ठोकून, हुंडा म्हणून द्यावं असं खोकं केलं. वरून माझ्या परवानगीशिवाय पिस्ता रंगाचा सनमायकाही लावला. "पुसायला बरं पडतं," म्हणाला. या सनमायक्याने पुढे घात केला, ते येईलच.

रद्दीवाल्याच्या काट्यावर ते धूड बेचाळीस किलो भरलं. दोन बाजूंना दोन लोखंडी कड्या. एक कडी माझी. दुसरी कडी कोण धरणार, या प्रश्नावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं आहे. ड्रमरकडे स्वतःचंच सामान. गायक उचलत नाहीत, गळ्यावर ताण येतो. कीबोर्डवाल्याची कंबर जन्मापासून धरलेली. निवेदकाच्या हातात कागद असतात, आणि कागद नसतील तेव्हा तो ते शोधत असतो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीआधी मी तिच्या भावाकडे नीट पाहून घेतलं. भाऊ धट्टाकट्टा होता, तालमीत जाणारा. मी होकार कळवला. सहा वर्षं मेव्हण्याने दुसरी कडी धरली, एकदाही कुरकुरला नाही. २००१ साली तो न्यू जर्सीला गेला. आयटीने देशाचं काय भलं केलं असेल ते असो, माझी दुसरी कडी गेली.

या सगळ्या वजनाचं मूळ अमेरिकेतच आहे. पूर्वी तिकडे बेस वाजवणारा माणसाहून उंच असं उभं व्हायोलिनच्या जातीचं वाद्य घेऊन हिंडायचा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या गृहस्थाने त्याची आडवी, पडद्यांची, खांद्याला अडकवता येणारी गिटार केली. बेसवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता बाहेर पडायच्या आत, १९५२ मध्ये, त्याच कंपनीचा बेसमन नावाचा अ‍ॅम्प आला. वाद्यातून काढलेलं वजन पेटीत भरून परत दिलं. त्यातही गंमत अशी की पेटी केली आमच्यासाठी आणि पळवली गिटारवाल्यांनी. पुढे लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला, तो बेसमनच्याच आराखड्यावर. रॉकवाल्यांचा तो जगप्रसिद्ध कर्कश आवाज मुळात आमच्या ताटातला आहे, हे कुणी लक्षात घेत नाही.

"अँपेग," अंकल म्हणाले, आणि त्यांनी जिलेबी खाली ठेवली. अंकल जिलेबी सहसा खाली ठेवत नाहीत.

अँपेग हे नाव कुठून आलं ते अंकलना ठाऊक होतं. उभ्या बेसच्या खालच्या खुंटीतून आत मायक्रोफोन घालायची ती युक्ती होती. खुंटीला इंग्रजीत पेग म्हणतात. "म्हणजे पेगचा अ‍ॅम्प. आमका सोपें समजता," अंकल म्हणाले. त्यांचा जीव होता १९६० साली निघालेल्या पोर्टाफ्लेक्सवर. वाजवून झालं की वरचं यंत्र उलटं करून खोक्याच्या पोटात घालायचं आणि कड्या लावायच्या, घरच्या शिलाई मशीनसारखं. डेट्रॉइटचा जेम्स जेमरसन हाच अ‍ॅम्प वापरायचा. अंकलनी मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये तो पाहिला आणि अडीच वर्षं त्या हॉटेलात निम्म्या पैशांवर वाजवलं. मालकाला वाटलं, पोराला आपल्याबद्दल आदर आहे.

कोल्हापूर म्हणाला, त्यापेक्षा एसव्हीटी. १९६९ साली याच कंपनीने रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात उतरवला. ३०० वॉट, चौदा व्हॉल्व्ह, दहा इंची आठ स्पीकर. नुसतं वरचं यंत्र चाळीस किलोच्या आसपास, आणि खालच्या खोक्याला जगभरचे बेसवाले लाडाने फ्रिज म्हणतात. हे ऐकताना चौघांचेही डोळे मिटले. स्वप्न पाहताना माणूस उचलायचं कुणी, हा विचार करत नाही.

मग मला सनमायक्याची गोष्ट सांगावी लागली. चौघांनाही पाठ आहे, तरी प्रत्येक लग्नात सांगावी लागते.

१९९८चा गणेशोत्सव, वाईजवळचं एक गाव. बेसचा अ‍ॅम्प ही स्टेजवरची एकमेव सपाट, बसक्या उंचीची जागा असते. त्यामुळे सगळ्या जगाचं सामान त्यावर येतं: ढोलकीवाल्याची हातोडी, गायिकेची पर्स, सत्काराचे नारळ. त्या दिवशी निवेदकाने चहा ठेवला. हे गृहस्थ ग्लासातून चहा घेत नसत, त्यांना कपबशी लागे. एक लावणी सुरू झाली. तिच्या धृपदाला जाड तारेचा पहिला पडदा दोनदा लागत होता. पहिल्यांदा तो वाजवला तेव्हा माझ्या कोपराशी बारीक किणकिण झाली. पाहिलं तर बशी दोन बोटं पुढे आलेली. पिस्ता सनमायक्यावरून ती अशी सरकत होती, जशी नवी नवरी माप ओलांडून येते. हळू, आणि नक्की कुठे जायचं ते ठाऊक असल्यासारखी.

माझे दोन्ही हात गुंतलेले. मी गुडघ्याने अ‍ॅम्प मागे रेटायला गेलो, पण बेचाळीस किलो गुडघ्याला दाद देत नाहीत. मनात हिशेब केला. अजून दोन धृपदं, म्हणजे चार वेळा तो सूर, म्हणजे आठ बोटं. कडेपर्यंत नऊ बोटं होती. एका ठिकाणी मी तो सूर गाळून दुसराच वाजवला, तर कीबोर्डवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या घरात चप्पल घालून शिरलो. लावणी संपली. बशी काठावर होती, अर्धी हवेत. मी हात पुढे केला आणि समोरून दोन हजार माणसं ओरडली, "वन्स मोअर!"

चहा मागच्या जाळीतून आत गेला. सायीसकट.

पुढचं कोणत्याही बेसवाल्याला वासावरून सांगता येतं. ट्रान्स्फॉर्मरचं वार्निश तापलं की शाळेतल्या नव्या बाकांसारखा वास येतो. कपॅसिटर फुटला की अंकलच्या मते उतू गेलेल्या कालच्या कढीसारखा. माझ्याकडे फक्त फ्यूज गेला होता. मंडळाच्या इलेक्ट्रिशियनने सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून तो जागच्या जागी जिवंत केला. (असं करू नका. फ्यूज जळण्यासाठीच असतो. तो जळला नाही तर त्याच्या वाटणीचं बाकी काहीतरी जळतं.) अ‍ॅम्प सुरू झाला, पण आता तो गुणगुणायला लागला.

ही गुणगुण म्हणजे आमच्या धंद्यातला संधिवात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते आणि अर्थिंग धड नसलं की तेच हेलकावे स्पीकरमधून ऐकू येतात. बेसवर जाड तारेचा तिसरा पडदा आहे ४९चा, पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अख्खा देश अहोरात्र पांढरी पाचमध्ये, जरासा चढा, गुणगुणत असतो. त्या रात्री पुढचं गाणं भावगीत होतं. गायिका माइकजवळ आल्या, डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि मागे वळून म्हणाल्या, "तानपुरा कुणी लावलाय? गोड आहे हो. फक्त एक केसभर उतरवा."

अमेरिकेत विजेचे हेलकावे ६० असतात. ते धड काळी पाचमध्ये नाहीत, धड पांढरी सातमध्ये नाहीत. मेव्हण्याला मी हे फोनवर कळवलं. तो म्हणाला, "तरीच इकडे काही जमत नाही."

कोल्हापूरकराचं दुखणं ओहमचं. एका अ‍ॅम्पला किती खोकी जोडायची याला मर्यादा असते. आठ ओहमची दोन जोडली की चार होतात, तीन जोडली की त्याहून खाली. आकडा जितका कमी तितका अ‍ॅम्पवर भार जास्त, हे गणित माणसाच्या डोक्यात उलटं बसतं. दुरुस्तीवाल्या काकांनी मला ते एका वाक्यात शिकवलं होतं: "पंगतीत ताटं वाढली की वाढपी मरतो." कोल्हापूरकराला कुणी काका भेटले नाहीत. त्याने एका मोठ्या मैदानावर तीन खोकी लावली, भोवताली कौतुकाने बघणारी पोरं, आणि दुसऱ्या गाण्यात वाढपी आडवा. त्याने लाजेखातर उरलेला कार्यक्रम अ‍ॅम्प बंद असताना वाजवून काढला. अडीच तास. बिदागी घेताना संयोजक म्हणाले, "आज बेस एकदम बॅलन्स होता."

यावर टेबल बराच वेळ गप्प होतं. मग डोंबिवली म्हणाला, "मला तर दोनदा असं झालंय."

आमची जागा भरून काढायचे प्रयत्न काही आजचे नाहीत. कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताने कितीतरी बेसवाल्यांना घरी बसवलं. जपानच्या रोलंड कंपनीने तर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाचं किलोभर वजनाचं चंदेरी डबडं काढलं, बेसवाल्याऐवजी वापरायला. ते मुंबईत कुणी गाजवावं? चरणजित सिंग यांनी, जे स्वतः हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार आणि बेस वाजवत आलेले. १९८२ साली त्यांनी त्यावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. आपल्याला घालवायला आणलेल्या माणसालाच घरात ठेवून घ्यायचं आणि कामाला लावायचं, याला मी खरा बेसवाला म्हणतो. अंकलचं मत वेगळं पडलं. ते म्हणाले, किलोभर वजनासाठी मीही राग शिकलो असतो.

वजनाचं मात्र शेवटी झालं. आता वीज झटपट उघड-बंद करून काम भागवणारे नवे अ‍ॅम्प आलेत. ५०० वॉट, वजन दोन किलो, आकार पोळ्यांच्या डब्याएवढा. डोंबिवलीने सगळ्यात आधी घेतला. कापडी पिशवीत घालायचा आणि लोकलला वरच्या फळीवर ठेवायचा. तिसऱ्या आठवड्यात तो फळीवरच राहिला आणि डोंबिवली ठाण्याला उतरला. गाडी पुढे गेली. दोन दिवसांनी फोन आला, कुणा सज्जन माणसाने पिशवी आपल्या डब्याची म्हणून घरी नेली होती. "बायको विचारते," तो म्हणाला, "हे गरम कुठून करायचं?"

"बेचाळीस किलो कधी गाडीत विसरला असतास का?" मी विचारलं.

"बेचाळीस किलो घेऊन गाडीत चढलोच नसतो," डोंबिवली म्हणाला. यावर उत्तर नव्हतं.

आणि हल्लीच्या पोरांना तोही लागत नाही. तार सरळ साउंडवाल्याकडे, कानात बोंडं, स्टेजवर सगळं शांत. परवा एका संयोजकांनी मला फोनवर बजावलं, "अ‍ॅम्प आणू नका, स्टेज क्लीन ठेवायचंय." मी हो म्हणालो. कार्यक्रम छान झाला असं ऐकलं. मला कळलं नाही, कारण पायाखालची फळी हलली नाही. पूर्वी माझ्या सुरावर ड्रमरच्या छोट्या ढोलाखालच्या तारा आपोआप कुरकुरायच्या आणि तो चिडायचा. आता तो काचेच्या पिंजऱ्यात बसतो.

तर या सगळ्यामुळे लग्नाहून परतल्यावर मी बायकोला म्हणालो, ठीक आहे, बोलव भंगारवाल्याला. गेली कित्येक वर्षं तो अ‍ॅम्प आमच्या पॅसेजमध्ये आहे. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फोन, त्यावर लाइट बिलं. गणपतीत त्यावर मखर बसतं, कारण घरात न डगमगणारी तेवढी एकच वस्तू आहे.

भंगारवाला आला. त्याने एका कडीला हात घालून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "दुसरा माणूस?"

मी दुसरी कडी धरली. हात बरोबर त्या जागी बसला. "डावीकडून घ्या, उंबरा आहे," मी म्हणालो, आणि पुढे वळणावर, "आधी तुम्ही, मग मी." तो चांगला उचलत होता, मेव्हण्याइतका नव्हे, पण अंदाज असलेला माणूस. दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आलो आणि दम खायला खोकं टेकवलं ते नेमकं खालच्या काकूंच्या दारात.

काकूंचं सांगायचं राहिलं. १९९४ साली मी अ‍ॅम्प घरी आणला त्या आठवड्यात जाड तारेच्या पाचव्या पडद्यावर त्यांच्या मांडणीतली तिसरी कळशी वाजायला लागली. मी रोज संध्याकाळी सहा ते सात सराव करायचो. चौथ्या दिवशी काकू वर आल्या. मी भांडणाच्या तयारीने दार उघडलं, तर त्यांच्या हातात पितळी डबा. "घरघंटी घेतलीत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "गहू आहेत, चार किलो. जरा बारीक दळा." त्या दोन पावलं आत आल्या होत्या, चेहरा इतका आशेने भरलेला, की मला खरं सांगवेना. मी डबा ठेवून घेतला, मागच्या दाराने कोपऱ्यावरच्या गिरणीत नेला आणि तासाभराने दळण पोचवलं. मग ते दर पंधरा दिवसांनी यायला लागलं. दळण मिळायच्या आधी तासभर आवाज यायला हवा म्हणून मी सरावही चुकवला नाही. माझा हात तयार झाला तो काकूंच्या गव्हावर.

आता त्या ऐंशीच्या घरात आहेत. आमची धडपड ऐकून त्यांनी दार किलकिलं केलं. क्रोशाचा रुमाल अजून वरच होता.

"घरघंटी विकलीत का हो?" त्यांनी विचारलं. मग भंगारवाल्याला नीट निरखून म्हणाल्या, "मी कालच ज्वारी निवडून ठेवली होती."

"छे, छे. सर्व्हिसिंगला नेतोय, काकू."

भंगारवाल्याने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, वरच्या जिन्याकडे पाहिलं आणि खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"चढवायचे वेगळे पडतील," तो म्हणाला.